डिस्कसचा लाईट: आधी सावली ठरवा, मग वॅट

डिस्कस म्हणजे ताटलीसारखा चपटा, रंगीत ॲक्वेरियमचा मासा. माझ्या पहिल्या डिस्कस टँकवर मी पाण्यातल्या झाडांसाठी बनवलेला एकदम पॉवरफुल एलईडी लावला होता, आणि पहिले दोन आठवडे सहाच्या सहा मासे मागच्या कोपऱ्यात हीटरच्या आडोशाला एकमेकांना चिकटून उभे. अंगावरचे नऊच्या नऊ उभे पट्टे काळेकुट्ट दिसायचे, पंख मिटलेले, खायला टाकलं तरी पुढे कुणी येईना. पाणी तपासलं, तापमान तपासलं, सगळं व्यवस्थित. मग एका संध्याकाळी काचेच्या झाकणाच्या अर्ध्या भागावर, लाईटच्या खाली, ट्रेसिंग पेपरचे दोन थर टाकले. दुसऱ्या दिवशी एक मासा त्या सावलीतून बाहेर आला, थोडा पुढे आला, परत सावलीत गेला, परत आला. आठवड्याभरात सगळे पुढच्या काचेपाशी. पाणी तेच, खाणं तेच, बदलला तो फक्त प्रकाश.

तेव्हापासून डिस्कसला लाईट कुठला घ्यायचा असं कुणी विचारलं की मी आधी वॅट सांगत नाही, मी विचारतो की टँकमध्ये सावली कुठे आहे.

हा मासा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. 1840 मध्ये योहान याकोब हेकेल यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, त्यासाठीचे नमुने योहान नाटेरर यांनी रिओ नेग्रो भागातून गोळा केले होते. रिओ नेग्रो म्हणजेच काळी नदी, आणि ते नाव शब्दशः खरं आहे. जंगलातली पानं नि लाकडं कुजून त्यातली ह्युमिक द्रव्यं पाण्यात उतरतात आणि पाणी कोऱ्या चहासारखं होतं. डिस्कसच्या सगळ्याच जाती अशा काळ्या पाण्यात राहतात असं नाही, काही बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याच्या तळ्यांतही सापडतात, पण एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी असते: दिवसा हे मासे पाण्यात पडलेल्या झाडांच्या फांद्यांच्या जाळ्यात थांबतात. ताटलीसारखं चपटं अंग त्यासाठीच सोयीचं, दोन फांद्यांच्या फटीतून सहज सरकतं. वरून ऊन कडक असलं तरी माशापर्यंत पोचतो तो फांद्यांतून गाळलेला, तुकड्या तुकड्याचा उजेड.

त्यातही काळ्या पाण्याची एक गंमत आहे जी लाईट निवडताना उपयोगी पडते. स्वच्छ पाणी लाल प्रकाश आधी शोषतं आणि निळा खोलवर जातो, म्हणून समुद्र निळा. काळ्या पाण्यात बरोबर उलटं होतं, ह्युमिक द्रव्यं निळा-जांभळा प्रकाश गिळून टाकतात आणि खाली उरतो तो पिवळा, नारिंगी, लाल. म्हणजे समुद्री प्रवाळांच्या टँकसाठी जे निळेशार लाईट मिळतात ते डिस्कसवर लावणं म्हणजे त्याच्या घराच्या एकदम उलट चित्र त्याला दाखवणं. मला तरी ते पटत नाही, फोटो कितीही भारी येवोत.

आता कडक लाईटने मासा एवढा का घाबरतो ते बघू. आपल्या डोळ्यातली बाहुली उजेड वाढला की पटकन लहान होते, शिवाय पापणी असते, ती मिटता येते. माशाला पापणी नाही आणि बहुतेक माशांची बाहुली आपल्यासारखी लहान-मोठीही होत नाही. मग ते उजेडाशी जुळवून घेतात कसे, तर डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी चक्क जागा बदलतात. उजेड आला की अंधारात बघणाऱ्या दंडपेशी मागे काळ्या रंगद्रव्याच्या आडोशाला सरकतात आणि दिवसाच्या शंकूपेशी पुढे येतात, अंधार झाला की याच्या उलट. ही हालचाल व्हायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. म्हणजे काळोख्या खोलीत आपण टँकचा लाईट खटकन लावतो तेव्हा माशाचे डोळे अजून रात्रीच्या सेटिंगवर असतात आणि समोर सूर्य उगवलेला असतो. मग ते वेड्यासारखे धावतात, काचेवर आपटतात, लाकडाला घासून खवलं निघतात, आणि त्या जखमेवर पुढे बुरशी धरू शकते. हा प्रकार एकदा जरी बघितला ना तर परत कधी हात त्या बटणाकडे जात नाही.

म्हणून माझ्या मते डिस्कसच्या लाईटमधला सगळ्यात महत्त्वाचा पार्ट लाईट नाहीच, तो डिमर आणि टायमर आहे. हळूहळू अर्ध्या तासात वाढणारा नि तसाच हळूहळू मावळणारा लाईट मिळाला तर तोच घ्या, त्यासाठी चार वॅट कमी मिळाले तरी चालतील. ते जमत नसेल तर साधा उपाय आहे, सकाळी आधी खोलीतला उजेड होऊ द्यायचा, पडदे उघडायचे, अर्ध्या तासाने टँकचा लाईट, आणि रात्री आधी टँकचा बंद करून खोलीतला लाईट थोडा वेळ चालू ठेवायचा. टायमर हवाच, कारण माशांच्या डोक्यात वरच्या बाजूला पिनियल नावाची ग्रंथी असते तिला थेट उजेड कळतो आणि अंधारात ती मेलाटोनिन सोडते, त्यावर त्यांचं दिवस-रात्रीचं घड्याळ चालतं. आज सहा तास, उद्या बारा तास, परवा पाहुणे आले म्हणून रात्री उशिरापर्यंत, असं चाललं की ते घड्याळ बिघडतं. रोज आठ तास पुरे, झाडं नसतील तर सहाही पुरतात, बाकी वेळ खोलीतला उजेड असतोच.

रंगाबद्दल लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ असतो. डिस्कसच्या अंगावरचा लाल-नारिंगी रंग कॅरोटिनॉइड नावाच्या द्रव्यांमुळे येतो आणि मासा ती स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच मिळवतो. त्यामुळे लाल लाईट लावल्याने मासा लाल होत नाही, लाल दिसतो फक्त. विकत घेताना हे लक्षात ठेवा, गुलाबी लाईटखाली पेटल्यासारखे दिसणारे मासे घरी साध्या पांढऱ्या उजेडात फिकट निघाले की फसवल्यासारखं वाटतं, म्हणून घेण्याआधी मोबाईलचा टॉर्च भिंतीवर मारून त्या परतलेल्या उजेडात मासा एकदा बघायचा, थेट त्याच्या डोळ्यावर मात्र मारायचा नाही. निळा-हिरवा चमकदार रंग वेगळ्याच प्रकारे तयार होतो, तिथे निळं रंगद्रव्य नसतंच, त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या द्रव्याचे पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यावरून उजेड परततो तो आपल्याला निळा दिसतो. हा रंग उजेडाच्या कोनावर अवलंबून असतो.

आणि इथेच एक गोष्ट आहे जी स्वतः करून बघण्यासारखी आहे. डिस्कस म्हणजे उभी धरलेली ताटली. लाईट बरोबर डोक्यावर किंवा मागच्या बाजूला असेल तर उजेड पडतो ताटलीच्या कडेवर, आणि आपल्याकडे जी बाजू असते ती सावलीत. लोक मग म्हणतात उजेड कमी पडतोय, अजून पॉवरचा लाईट आणतात. त्यापेक्षा आहे तोच लाईट झाकणावर पुढच्या काचेकडे चार बोटं सरकवा. उजेड तिरका होऊन माशाच्या अंगावर पडतो, अंगावरच्या निळ्या रेघा एकदम उठून येतात, मागचा भाग आपोआप अंधारा होतो आणि माशाला पाठीमागे लपायला सावली मिळते. एक पैसा खर्च नाही.

एलईडी घेताना डब्यावर दोन आकडे बघा. एक केल्विन, म्हणजे उजेडाचा रंग, जितका आकडा लहान तितका पिवळसर, जितका मोठा तितका निळसर. 4000 ते 6500 च्या मधलं काहीही डिस्कसला चालतं, लाल-पिवळ्या जातींना मला 5000 च्या आसपासचं आवडतं, निळ्या जातींना 6500 कडचं. दुसरा आकडा सीआरआय, 100 पैकी किती खरे रंग दिसतात तो. पांढरा एलईडी खरं तर निळा एलईडीच असतो, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड घेऊन पिवळा देणाऱ्या द्रव्याचा, थर देऊन पांढरा केलेला, त्यामुळे स्वस्त एलईडीत गडद लाल रंग फार कमी असतो आणि त्याखाली लाल डिस्कस विटकरी, मळकट दिसतो. सीआरआय 90 च्या पुढचा घेतला तर हा प्रश्न बराचसा मिटतो. ल्युमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या आकड्याच्या, मागे लागू नका, तो आकडा आपल्या डोळ्यांसाठी आहे, झाडांना त्याचा उपयोग नाही.

झाडांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण खरं भांडण तिथेच असतं. डिस्कसला पाणी 28 ते 30 अंश लागतं. एवढ्या गरम पाण्यात झाडांचा श्वासोच्छ्वास वाढतो म्हणजे तग धरायलाच त्यांना जास्त उजेड लागतो, आणि उजेड वाढवला की कार्बन डायऑक्साइड लागतो, नाही दिला तर शेवाळ. आणि कार्बन डायऑक्साइड वाढवत नेला की माशाच्या रक्तातून तो बाहेर पडणं अवघड होतं, त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी, 20 अंशाला लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम मावतो तर 30 अंशाला साडेसातच. रात्री झाडंही तोच ऑक्सिजन वापरतात. म्हणून डिस्कसच्या टँकमध्ये लाल नाजूक झाडांचा हट्ट सोडा आणि कमी उजेडात नि गरम पाण्यात टिकणारी झाडं घ्या: अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन वेंडटी, ॲमेझॉन सोर्ड. सोर्डला थोडा जास्त उजेड लागतो, ती लाईटच्या बरोबर खाली ठेवा आणि अनुबियास लाकडाला बांधून सावलीत. वर तरंगणारी झाडं अर्ध्या भागात सोडली की जंगलासारखा तुकड्यांचा उजेड आपोआप मिळतो, फक्त ती वाढून सगळं पाणी झाकत नाहीत ना ते बघत राहायचं. खोल टँकमध्ये तळाला उजेड कमी पडतो तो मुख्यतः किरण पसरतात म्हणून, अर्धा मीटर स्वच्छ पाणी लाल उजेडाचा साधारण सहावा भागच खातं, आणि झाकणाच्या काचेवर क्षार साचले असतील तर तेही भरपूर उजेड अडवतात, आधी काच पुसून बघा.

पांढरी वाळू नि कडक लाईट ही जोडी मला डिस्कससाठी अजिबात आवडत नाही, खालूनही उजेड परततो आणि माशाला कुठेच अंधार राहत नाही. याला अपवाद डिस्कसच्या पिजन ब्लड नावाच्या जातीचा. त्यांच्या अंगावर मिरपूड टाकल्यासारखे काळे ठिपके असतात आणि गडद बॅकग्राउंडला ते वाढतात, म्हणून तिथे बॅकग्राउंड नि तळ फिकट ठेवतात. अशा वेळी बाकी सगळं फिकट ठेवा पण लाईट मंद करा, आणि एखादं मोठं लाकूड तरी आडोशाला द्या.

लाईट बरोबर आहे की नाही ते शेवटी मासाच सांगतो. लाईट लागल्यावर तासाभराने बघा. पट्टे फिके आहेत, पंख उघडे आहेत, मासे टँकच्या मधल्या भागात फिरतायत, तर ठीक. पट्टे गडद होऊन सगळे एका कोपऱ्यात गेले तर पाणी तपासाच, पण रोज लाईट लागल्यावरच असं होत असेल आणि बंद झाल्यावर ते मोकळे होत असतील तर दोष उजेडाचा. कमी करा, दोन-तीन दिवस थांबा, परत बघा.

जोडीने अंडी घातली की मात्र रात्री पूर्ण अंधार करत नाहीत, अगदी मंद दिवा चालू ठेवतात. अडीच दिवसांत पिल्लं फुटतात, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पोहायला लागतात, आणि पोहायला लागली की त्यांचं पहिलं अन्न म्हणजे आई-बापाच्या अंगावरचा चिकट थर. ती गडद आकाराकडे ओढली जातात, आणि त्या दिवसांत आई-बापाचं अंगही गडद होतं. फिकट जातीच्या जोडीत ते होत नाही, मग पिल्लं काळ्या स्पंज फिल्टरला जाऊन चिकटतात आणि तिथे उपाशी राहतात. तो फिल्टर बाहेर काढायचा, दिवा एवढाच ठेवायचा की टँकमधली सगळ्यात गडद वस्तू आई-बापच दिसतील, आणि पहिल्या रात्री थोडं जागून बघायचं: सुरुवातीला एक-दोन, मग आठ-दहा, आणि बघता बघता अख्खं अंग बारीक बारीक शेपट्यांनी भरून जातं.