तालमीच्या खोलीत कॅमेरा कसा शिरला

नर्तकीचं कोपर दोन बोटांनी जरासं वर उचलणारा किंवा स्वतःच गुडघा वाकवून 'हे असं' म्हणून दाखवणारा नृत्यदिग्दर्शक, आणि मागे भिंतभर आरसा. बॅलेच्या तालमींची अशी छायाचित्रं आता इतकी सर्रास दिसतात, की ती पहिल्यापासून काढली जात असतील असंच वाटतं. प्रत्यक्षात छायाचित्रणाची पहिली शंभर वर्षं बॅलेच्या वाट्याला आली ती मुख्यतः स्टुडिओतली पोझ. शिकवणं कॅमेऱ्यात यायला फार वेळ लागला.

त्याआधी शिकवणारा माणूस लोकांच्या मनात ठसला तो चित्रांमुळे. एदगार देगाच्या १८७४ मधल्या प्रसिद्ध चित्रात झ्यूल पेरो हा जुना नर्तक आणि नृत्यदिग्दर्शक लांब काठीवर हात ठेवून वर्ग घेतोय. हे चित्र डोळ्यांदेखत घडलेल्या प्रसंगासारखं वाटतं, पण प्रसंग कल्पित आहे. ज्या पॅरिस ऑपेराची खोली त्यात दिसते ती इमारत आदल्याच वर्षी जळून गेली होती. तालमीचं 'दस्तऐवजी' वाटणारं हे चित्र खरं म्हणजे आठवणीतून रचलेलं आहे.

कॅमेऱ्याची अडचण साधी होती. काचेच्या प्लेटला उजेड भरपूर लागायचा आणि माणूस हलला की चित्र पुसट व्हायचं. १८८७ च्या सुमारास फ्लॅश पावडर आली, पण तिचा भपका आणि धूर तालमीच्या खोलीत कोण खपवून घेणार? त्यामुळे रशियन नर्तक निजिन्स्कीनं १९१२ मध्ये दबुसीच्या संगीतावर रचलेलं फॉनचं, म्हणजे अर्धा माणूस-अर्धा बोकड अशा पुराणातल्या वनदेवतेचं, नृत्य आपल्याला आज दिसतं ते बॅरन अडॉल्फ द मायर यानं काढलेल्या, मुद्दाम उभं राहून दिलेल्या पोझमधून. छायाचित्रं अप्रतिम आहेत. पण निजिन्स्कीनं त्या चपट्या, एका बाजूला वळलेल्या हालचाली नर्तकांच्या अंगात कशा उतरवल्या, हे त्यांतून कळत नाही.

आणि बॅलेत नेमकं तेच महत्त्वाचं असतं. रशियात १८९० च्या दशकात स्तेपानॉव्ह पद्धतीनं, म्हणजे संगीताच्या स्वरलिपीसारख्या खुणांनी, तिथला नृत्यदिग्दर्शक मारियस पेतिपा याच्या बॅलेंची नोंद झाली. ती कागदपत्रं आज हार्वर्डमध्ये आहेत. पावलं कुठून कुठे गेली हे त्यांत सापडतं, हात आणि धड यांच्याबद्दल मात्र अनेक ठिकाणी काहीच लिहिलेलं नाही. ते ज्याला येत होतं त्यानं पुढच्याला दाखवायचं, असाच कारभार होता.

१९२५ मध्ये लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि कॅमेरा हातात मावू लागला. अलेक्सी ब्रोडोविच यानं १९३५ ते १९३७ दरम्यान न्यूयॉर्कमध्ये दौऱ्यावर आलेल्या रशियन बॅले कंपन्यांची छायाचित्रं काढली. धूसर, दाणेदार, चक्क हललेली. १९४५ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा ती अनेकांना बिघडलेलीच वाटली असतील. पण हालचाल गोठवण्यापेक्षा ती चालू आहे हे दाखवावं, ही कल्पना तिथे रुजली. १९५४ मध्ये कोडॅकची ट्राय-एक्स ही वेगवान, म्हणजे कमी उजेडातही चालणारी, फिल्म ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी आली आणि खोलीतल्या नेहमीच्या उजेडात काम भागू लागलं.

मार्था स्वोप न्यूयॉर्कच्या 'स्कूल ऑफ अमेरिकन बॅले'मध्ये स्वतः नाच शिकत होती. तिच्या हातातला कॅमेरा पाहून नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्सनं तिला १९५७ मध्ये 'वेस्ट साइड स्टोरी' या संगीत-नाटकाच्या तालमीला बोलावलं. पाठोपाठ न्यूयॉर्क सिटी बॅले या कंपनीचा सहसंस्थापक लिंकन कर्स्टीन यानं तिला कंपनीचं काम दिलं. नाच शिकलेली असल्यामुळे उडी कधी सुटणार आणि दिग्दर्शक कुठल्या क्षणी थांबवणार, याचा तिला अंदाज असायचा. माझ्या मते फिल्मच्या वेगाहून हा अंदाज जास्त कामी आला.

त्याच वर्षी याच कंपनीचा नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शीन 'अ‍ॅगॉन' बसवत होता. त्याची पत्नी आणि कंपनीची आघाडीची नर्तकी तानाकिल ल क्लेर्क हिला १९५६ मध्ये दौऱ्यावर असताना पोलिओ झाला होता. तिच्या शुश्रूषेत बराच काळ घालवून तो नुकताच कामावर परतला होता. संगीत स्त्राविन्स्कीचं, आणि तो स्वतः तालमीला हजर. युगुलनृत्यात डायाना अ‍ॅडम्स आणि आर्थर मिशेल: गोरी नर्तकी आणि कृष्णवर्णीय नर्तक. त्याच सप्टेंबरात अमेरिकेतल्या लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांनी जाऊ नये म्हणून गव्हर्नरनं सैनिक आडवे उभे केले होते. या युगुलनृत्यात एका जागी मिशेल जमिनीवर उताणा होतो आणि एका पायाच्या टोकावर उभ्या अ‍ॅडम्सचा तोल खालूनच सांभाळतो. असली गोष्ट बोलून शिकवता येत नाही. बॅलन्शीन बहुतेक वेळा कोणा एकाच्या जागी स्वतः उभा राहायचा, नर्तकीच्या जागीसुद्धा. स्वोपनं काढलेल्या तालमीच्या छायाचित्रांत त्याचं आणि नर्तकांचं अंग एकाच आकाराशी झगडताना दिसतं. शिवाय 'अ‍ॅगॉन' रंगमंचावरही काळ्या-पांढऱ्या तालमीच्या कपड्यांतच होतं, त्यामुळे तालीम आणि प्रयोग यांतली सीमा छायाचित्रात जवळजवळ उरतच नाही. (बॅलन्शीननं पुढे आपल्या मांजरीलाही उड्या मारायला शिकवलं आणि स्वोपनं तीही 'तालीम' टिपली. ती छायाचित्रं इतकी गाजली की १९६४ मध्ये मांजरीच्या नावावर पुस्तक निघालं.)

१९८३ मध्ये बॅलन्शीन गेला आणि छायाचित्रांचा प्रश्न कोर्टात पोचला. त्याच्या 'नटक्रॅकर'च्या छायाचित्रांचं पुस्तक मॅकमिलन ही प्रकाशनसंस्था काढणार होती. तालमीची नव्हे, प्रयोगाची छायाचित्रं. इस्टेटीच्या व्यवस्थापक बार्बरा हॉर्गन यांनी हरकत घेतली. खालच्या कोर्टाचं म्हणणं, नृत्य म्हणजे हालचालींचा प्रवाह, स्थिर चित्रांवरून तो पुन्हा उभा करता येत नाही, तेव्हा हक्कभंग नाही. १९८६ मध्ये अपील कोर्टानं ही कसोटीच चुकीची ठरवली. हवेत असलेल्या नर्तकांचं चित्र पाहिलं की ते नुकतेच जमिनीवरून उडालेत आणि लगेच खाली येणार, हे गुरुत्वाकर्षणामुळे कोणालाही कळतं, असं न्यायालयानं लिहिलं. म्हणजे एका क्षणातही त्याच्या आगचं-मागचं थोडं असतंच. पुढे प्रकरण तडजोडीनं मिटलं, त्यामुळे किती छायाचित्रं म्हणजे हक्कभंग, हे त्या खटल्यात ठरलंच नाही.

नृत्यं बसवायला द्यायची व्यवस्था १९८७ मध्ये स्थापन झालेल्या बॅलन्शीन ट्रस्टकडे आली. परवानगी मिळालेल्या कंपनीकडे ट्रस्ट आपली माणसं पाठवतो आणि ती प्रत्यक्ष उभी राहून शिकवतात. स्वोपनं आपला संग्रह २०१० मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला दिला. त्यातली हजारो छायाचित्रं आता ऑनलाइन आहेत. पुस्तकांत तेच ते निवडक फोटो फिरत राहतात, म्हणून तिथे एका तालमीचे सगळे फोटो ओळीनं बघावेत. हात आधी कुठे होता आणि सांगितल्यावर कुठे गेला, हे शेजारच्या दोन फ्रेममध्येच सापडण्याची शक्यता जास्त.