परसातले राक्षस

कढीपत्त्याच्या पानावरची माशी मोबाइलला क्लिपवालं भिंग लावून टिपली, की तिचे जाळीदार डोळे बघून घरातले सगळे फोनभोवती गोळा होतात. हे नवल शंभर वर्षांहून जुनं आहे.

१९१३ साली ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकात डेव्हिड फेअरचाइल्डचा एक सचित्र लेख आला. त्याच्या मथळ्याचा अर्थ ‘आपल्या परसातले राक्षस’. फेअरचाइल्ड अमेरिकी शेतीखात्याचा वनस्पतिशोधक; आंब्यांच्या शोधात मुंबईलाही येऊन गेलेला. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचा तो जावई, आणि मासिकाचा संपादक गिल्बर्ट ग्रोव्हनर हाही बेलचाच जावई. म्हणजे साडूचा लेख साडूच्या मासिकात! पण चित्रं अस्सल होती. मेरीलंडमधल्या घराभोवतीचे नाकतोडे, कोळी, अळ्या त्याने आणि पत्नी मॅरियनने पानभर मोठे करून दाखवले.

त्यासाठी कॅमेऱ्याचं धूड कित्येक फूट लांब करावं लागलं. किडा आहे तेवढाच फिल्मवर उमटवायचा, तर भिंग फिल्मपासून फोकल लेंग्थच्या (नाभीय अंतराच्या) दुप्पट अंतरावर न्यावं लागतं, आणि उजेड एक चतुर्थांश उरतो. आणखी मोठा हवा तर आणखी लांब, आणखी अंधार. एक्स्पोजर वाढतं, आणि तेवढा वेळ कुठला नाकतोडा गप्प बसणार? म्हणून फेअरचाइल्ड मेलेले किडे पाय नीट मांडून, जिवंत भासतील असे उभे करायचा.

छोट्या कॅमेऱ्यांसाठी खास जवळून टिपण्याची ‘मॅक्रो’ भिंगं आली ती पन्नाशीच्या दशकात. १९५५ साली भिंगकार हाइन्झ किलफिटचं मॅक्रो-किलार, पाठोपाठ १९५६ मध्ये निकॉनचं मायक्रो-निक्कोर. गंमत म्हणजे निकॉनच्या डोक्यात किडे नव्हतेच. जपानी कांजी लिपीतली गिचमिड अक्षरं मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानं अगदी बारीक करून साठवायच्या फिल्मवर, वाचता यावीत, एवढ्यासाठी ते भिंग घडवलं. निकॉन आजही ‘मॅक्रो’ न म्हणता ‘मायक्रो’ म्हणतं.

माझ्या मते खरी उडी भिंगाने नव्हे, फ्लॅशने मारली. सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या स्टीफन डाल्टनने उडते कीटक सेकंदाचा पंचवीस हजारावा भाग चमकणाऱ्या फ्लॅशने गोठवले. कीटकाने प्रकाशकिरण ओलांडला की कॅमेरा आपोआप चालायचा. नेहमीचं शटर उघडेपर्यंत माशी चौकटीबाहेर गेलेली असायची, म्हणून निराळं जलद शटर तयार करावं लागलं.

घरच्या बागेत मात्र जुगाडच पोचला. रिव्हर्स रिंग घेऊन कॅमेऱ्यासोबत आलेलं साधं भिंग उलटं लावायचं, फ्लॅशपुढे पांढऱ्या फोमचा तुकडा रबरबँडने अडकवायचा. गुलाबाच्या कळीवरचा मावा पायांसकट दिसतो. दिसतो, पण सगळा एकदम नाही. मूळ आकाराइतकी प्रतिमा फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, भिंगाचं छिद्र एफ/८ इतकं लहान करून घेतली, तर जेमतेम एक मिलिमीटर पट्टा स्पष्ट येतो. डोळा आला की मिश्या गेल्या!

डिजिटल काळात यावर फोकस स्टॅकिंगचा तोडगा निघाला. फोकस किंचित सरकवत वीसपंचवीस फोटो काढायचे आणि संगणकावर एकात एक बसवायचे. पण त्यासाठी पुन्हा किडा हलता कामा नये. काही जण त्याला फ्रिजमध्ये गारठवतात. मला ते पटत नाही. त्यापेक्षा हिवाळ्यात उन्हं यायच्या आत बागेत जावं. गवताच्या पात्याला बिलगलेली टाचणी (चतुरासारखा सडपातळ कीटक) अंगभर दव घेऊन बसलेली असते, आणि पंख वाळेपर्यंत हलत नाही.