चारशे घोडे आणि दुखणारे दंड

१९६५ ची फोर्ड मस्टँग पार्किंगच्या जागेत वळवून लावायची म्हणजे व्यायामच. बॉनेटखाली भलं मोठं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, त्याचं ओझं पुढच्या दोन चाकांवर, आणि ती वळवायला फक्त माणसाचे दंड. म्हणून कारखान्याने स्टीअरिंगचे दातेच असे ठेवले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते जवळपास पाच वेळा फिरवावं लागे. जोर कमी, फेरे जास्त. तेलाच्या दाबाने मदत करणारं पॉवर स्टीअरिंग तेव्हा नव्हतं असं नाही; क्रायस्लरने ते १९५१ मध्येच इम्पीरियल गाडीत दिलं होतं. पण बहुतेक गाड्यांत त्याचे जादा पैसे पडत, आणि मस्टँगमधलं तर तेलगळतीसाठीच ओळखलं जाई.

अमेरिकेतली हौशी मंडळी या मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या जुन्या गाड्या, अजून रस्त्यावर काढतात. त्यांत आता दोन गोष्टी बसवून घ्यायची चाल आहे: विजेवरचं पॉवर स्टीअरिंग आणि पायाचा जोर वाढवणारा, तेलाच्या दाबावरचा ब्रेक बूस्टर, म्हणजे हायड्रोबूस्ट.

आधी ब्रेक. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये एक सोय आपोआप होती. फिरणारा ड्रम आतून टेकणाऱ्या ब्रेक शूला स्वतःबरोबर ओढतो, त्यामुळे शू आणखी घट्ट बसतो. गाडीची गतीच ब्रेकला हात देते. पण ड्रम तापले की पकड सुटते, म्हणून लोक पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावतात. डिस्कमध्ये ही ओढाओढ नाही. पायाने जेवढं दाबाल तेवढीच पकड. मग बूस्टर हवाच.

नेहमीचा बूस्टर म्हणजे पत्र्याचा मोठा डबा, आत रबरी पडदा. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, दाब कमी होतो. पडद्याच्या एका बाजूला हा कमी दाब, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. ढकलते ती हवाच. इंजिन फक्त पलीकडची बाजू रिकामी ठेवतं. हिशोब सोपा आहे. २० सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. इंजिनची ओढ १८ इंच पाऱ्याइतकी असेल, तर एकूण जोर १९५ किलोंच्या आसपास. आता मालकाने हौसेने रेसिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, टाकला. त्यात आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. वरच्या वेगात इंजिनला दम येतो, पण आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, ओढ ढासळते. ती ८ इंचांवर आली की तोच डबा जेमतेम ८७ किलोंचा जोर देतो. सिग्नलला उभ्या गाडीची ती ऐटबाज दडदड ब्रेकच्या पोटाला चिमटा काढून येते.

हायड्रोबूस्टला ही ओढ लागतच नाही. बेंडिक्स कंपनीने १९७० च्या दशकात आणलेली ही रचना डिझेल गाड्यांत फार वापरली गेली, कारण डिझेल इंजिनात अशी ओढ फारशी तयारच होत नाही. १९९६ पासून फोर्डने व्ही-८ मस्टँगमध्येही ती दिली. हायड्रोबूस्ट पॉवर स्टीअरिंगच्या पंपावरच चालतो, आणि तो पंप तेलाला दर चौरस सेंटिमीटरला ७० ते १०० किलो दाब देऊ शकतो. हवेकडे जास्तीत जास्त एक किलो. म्हणून बूस्टर लहानसा होतो आणि रुंद इंजिनाशेजारीही मावतो. एक गोष्ट मात्र घाईत राहून जाते. विनाबूस्टर पेडलची तरफ साधारण सहापट असते, बूस्टरवालीची चारपट. जुनी तशीच ठेवली, तर पाय नुसता टेकताच गाडी नाक घासते.

विजेच्या स्टीअरिंगचं काम डॅशबोर्डखाली चालतं. स्टीअरिंगच्या दांड्यात पीळ खाणारी एक बारीक सळई असते. तुम्ही चाक फिरवलं की ती किंचित पिळते, सेन्सर तो पीळ मोजतो आणि मोटर तेवढा हात लावते. सॅटर्न व्ह्यू किंवा टोयोटा प्रियसच्या भंगारातून हा दांडा काढून बसवणारे बरेच आहेत. त्याच्या कंट्रोलरला गाडीचा वेग कळवणारे संदेश हवे असतात, ते साठच्या दशकातली गाडी कुठून देणार? मग काही दांडे ठरावीक मदतीवर चालवतात, काहींना मदत कमी-जास्त करायला एक बटण लावतात. जागेवर चाक वळवताना मोटर ५० अँपिअरपर्यंत खाते. त्या काळचे कित्येक अल्टरनेटर, म्हणजे गाडीत वीज तयार करणारी यंत्रं, पूर्ण वेगातही चाळीसच्या आसपास देत, म्हणून तोही बदलावा लागतो.

खरी अडचण पुढे आहे. वीज आली म्हणून स्टीअरिंगचा पंप काढला, तर हायड्रोबूस्ट तेलाचा दाब कुठून आणणार? पंप फक्त ब्रेकसाठी ठेवता येतो, पण मग पट्टा, नळ्या आणि गळती यांपासून सुटका कसली? मला विचाराल तर हायड्रोबूस्ट घ्यायचाच असेल, तर स्टीअरिंगही तेलाचंच ठेवावं. विजेचा हट्ट असेल, तर ब्रेकलाही बॉशच्या आयबूस्टरसारखा विजेचा बूस्टर शोधावा. तेलाच्या बाजूने आणखी एक मुद्दा: हायड्रोबूस्टच्या अॅक्युम्युलेटरमध्ये थोडा दाब साठवलेला असतो. उतारावर इंजिन बंद पडलं, तरी दोन-तीन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो. त्यानंतरही लागतो, फक्त पायाचा सगळा जोर लावावा लागतो.