विंडो छोटी केली तरी गेम का अडकतो?

ऐरोलीला ताईकडे गेलो की चहाच्या आधी कुणाचा तरी लॅपटॉप माझ्या मांडीवर येतो. या वेळी भाच्याचा होता. "मामा, फुलस्क्रीनला गेम मस्त चालतो. विंडोत टाकला की सगळा लॅपटॉपच रखडतो. ब्राउझरसुद्धा." विंडोत कशाला टाकतोस, असं विचारलं तर तो गप्प. शेजारी ऑनलाइन लेक्चर चालू ठेवायचं असतं, हे ताईने स्वयंपाकघरातून सांगितलं.

खरं तर हिशेब उलटा हवा. त्याची स्क्रीन १९२० बाय १०८०, म्हणजे साधारण २०.७ लाख ठिपके. विंडो १२८० बाय ७२०, म्हणजे ९.२ लाख. काम निम्म्याहूनही कमी, आणि रखडपट्टी जास्त! दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारायला सांगितलं होतं. फॉरमॅट ही आपल्याकडची तापाची गोळी आहे, पोट दुखलं तरी तीच.

ज्यांनी विंडोज एक्सपी वापरलंय त्यांना आठवत असेल, एखादा प्रोग्राम हँग झाला आणि त्यावरून दुसरी विंडो ओढली की पत्त्यांचा कॅट पसरावा तशा तिच्या प्रती मागे उमटत जायच्या. तेव्हा सगळ्या विंडो एकाच पाटीवर थेट चित्र काढत. वरची विंडो सरकली की खालचा भाग ज्याचा त्याने पुन्हा रंगवायचा, आणि हँग झालेला प्रोग्राम रंगवणार कसा? २००७ साली सर्वांसाठी बाजारात आलेल्या व्हिस्टापासून प्रत्येक विंडोला मेमरीत स्वतःचा कागद मिळाला. हे सगळे कागद जुळवून पडद्यावर मांडण्याचं काम 'डेस्कटॉप विंडो मॅनेजर' करतो. विंडोज ८ पासून तर तो बंदही करता येत नाही.

फुलस्क्रीन गेम या मधल्या माणसाला बाजूला सारून चित्र सरळ पडद्याला देऊ शकतो. विंडोतल्या गेमचं म्हणजे ऐरोलीहून घाटकोपरला जाण्यासारखं आहे. ठाण्याला उतरा, ट्रान्स-हार्बरच्या प्लॅटफॉर्मवरून जिना चढा, पूल ओलांडा, मग दुसरी लोकल. पडद्याची लोकल सेकंदाला ६० वेळा सुटते, दर १६.७ मिलिसेकंदांनी एक. एका मिलिसेकंदाने चुकलात तरी पुढची येईपर्यंत थांबायचं. जुनंच चित्र तेवढ्यात ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, आणि डोळ्याला तो झटका जाणवतो. सरासरी वेग चांगला दिसत असतानाही गेम तुटक का वाटतो, त्याचं एक कारण हे.

पूल ओलांडणं म्हणजे प्रत्यक्षात चित्राची कॉपी. ७२० ओळींचं एक चित्र सुमारे ३.७ एमबी. जुन्या पद्धतीचे गेम दर फ्रेमला, म्हणजे प्रत्येक नव्या चित्रामागे, ते एका जागेवरून वाचून दुसऱ्या जागी लिहितात. पुष्कळदा खापर या कॉपीवर फोडलं जातं, पण मला ते पटत नाही. सेकंदाला १४० फ्रेम धरल्या तरी वाचणं-लिहिणं मिळून जेमतेम १ जीबी होतं. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये २४०० वेगाची एकच रॅम होती. तीसुद्धा कागदोपत्री सेकंदाला १९.२ जीबी हलवते.

१४० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. गेमच्या कोपऱ्यातला फ्रेम काउंटर तेवढंच दाखवत होता. फुलस्क्रीनमध्ये ६० च्या पुढे जात नव्हता, कारण तिथे व्हीसिंक, म्हणजे गेमचा वेग पडद्याच्या वेगाला बांधणारी सोय, चालू होतं. विंडोत गेम ते जुमानत नव्हता. छोटं चित्र, म्हणून भराभर काढत सुटला होता. पडदा दाखवणार ६०, हा काढतोय १४०. उरलेली ८० चित्रं पुलावर नुसती गर्दी करतात, गाडीत चढत नाहीत.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्सचं काम करणाऱ्या भागाच्या, रकान्यात ९९ टक्के. मग भाच्याला एक विंडो ओढायला लावली. माउसचा बाण झपकन पुढे गेला, विंडो मात्र अडखळत त्याच्या मागे आली. बाणाचा थर ग्राफिक्स हार्डवेअर वेगळा मांडतं. विंडो हलवायला त्या मधल्या माणसाला जीपीयूचा वेळ लागतो, आणि तिथे गेमची रांग लागलेली.

ब्राउझर का रखडला? एक तर फुलस्क्रीन गेममागे झाकली गेलेली विंडो ब्राउझर बहुधा रंगवत बसत नाही. शेजारी उघडी असली की लेक्चरचा व्हिडिओ त्याच जीपीयूकडे येतो. दुसरं म्हणजे अशा स्वस्त लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर असतात, वीज आणि रॅम दोन्ही वाटून घेतात. ग्राफिक्सने घास मोठा घेतला की प्रोसेसरचा वेग उतरतो. वर ऑक्टोबरचा उकाडा, आणि लॅपटॉप गादीवर, म्हणजे खालची जाळी बंद. चिप तापली की स्वतःला वाचवायला आणखी मंदावते.

उपाय ऐकून भाचा हसला. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० केली. गेम हळू केला की कॉम्प्युटर वेगात येणार, हे त्याला पटेना. पण जीपीयू ६० टक्क्यांच्या खाली आला, पंख्याची घरघर बसली आणि विंडो बाणाला चिकटून सरकायला लागली. त्यानंतर विंडोज ११ च्या डिस्प्लेमधल्या ग्राफिक्स पानावर 'ऑप्टिमायझेशन्स फॉर विंडोड गेम्स' चालू केलं. डायरेक्टएक्स (गेम जिच्यामार्फत विंडोजमध्ये चित्र काढतो ती यंत्रणा) १० आणि ११ चे गेम यामुळे कॉपी न करता चित्राचा ताबाच पुढे देऊ शकतात. इथे त्याने फारसा फरक पडला नाही, आणि का ते वर आलंच आहे. लेक्चर १०८० वरून ४८० वर आणलं. फळ्यावरचं वाचता येतंय, बास. रॅमचा दुसरा खाचा रिकामा आहे. तशीच दुसरी पट्टी बसली तर रॅमची वाट दुप्पट रुंद होईल, आणि एकाच चिपवर चालणाऱ्या ग्राफिक्सला त्याचा खरा उपयोग होतो. ती खरेदी दिवाळीवर ढकलली आहे.

चार्जर काढला की मात्र गेम अजूनही अडकतो. बॅटरीवर चिप हात आखडता घेते, त्यात विंडोचा दोष नाही. टेबल स्विचबोर्डजवळ सरकवलं की झालं. पण तिथे ताईचं शिलाई मशीन आहे, आणि तो विषय मी काढणार नाही.