निळी शीर लाल दिसते तेव्हा

पोटात पाणी झालंय म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय दारूवर, पेशंटने आयुष्यात थेंब घेतला नसला तरी. पण कधी कधी यकृतातून रक्त बाहेर जायची वाटच बंद झालेली असते. मोरी तुंबली की पाणी जसं मागे साचतं, तसं रक्त साचतं. याला बड-कियारी सिंड्रोम म्हणतात.

यकृतात मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त येतं. उजव्या, मधल्या आणि डाव्या अशा तीन शिरांतून ते महाशिरेत आणि लगेच वर हृदयात जातं. या शिरांत गुठळी झाली, किंवा महाशिरेतच पडदा धरला (भारतात, नेपाळात हे बऱ्याचदा दिसतं), की यकृत सुजतं आणि पाणी झिरपू लागतं.

साध्या सोनोग्राफीत हे सिरोसिससारखंच (यकृत कडक, गाठाळ होण्याचा आजार) दिसू शकतं. उलगडा होतो कलर डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर. क्रिश्चन डॉपलरने १८४२ साली जोडताऱ्यांच्या रंगांसाठी मांडलेलं तत्त्व इथे धावत्या रक्तपेशींना लावलेलं असतं. प्रोबकडे (अंगावर टेकवतात त्या यंत्राच्या दांड्याकडे) येणारं रक्त सहसा लाल दाखवतात, लांब जाणारं निळं. शाळेतल्या आकृतीतल्या शुद्ध-अशुद्ध रक्ताशी या रंगांचा काही संबंध नाही!

निरोगी यकृत-शिरा निळ्या दिसतात. तोंड बंद झालेल्या शिरेत मात्र एक तुकडा निळा, शेजारचाच लाल, कारण रक्त उलटं फिरून आडवाट शोधत असतं. भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा उमटतात. यकृताचा मागचा छोटा भाग, कॉडेट लोब, उलट फुगलेला असतो. त्याच्या शिरा थेट महाशिरेत उघडतात, म्हणून तो बहुधा वाचतो.

डॉपलरवर प्रवाहाच्या वेगाचा आलेखही बघायचा. हृदय जवळ असल्यामुळे या शिरांतला प्रवाह त्याच्या ठोक्यांबरोबर खालीवर होतो. अडथळा असला की रेघ सपाट होते. सिरोसिसमध्येही ती सपाट होऊ शकते, म्हणून तेवढ्यावर निदान करू नये. रंग दिसला नाही म्हणजे शीर बंद, असंही नाही: प्रवाह मंद असेल किंवा प्रोब काटकोनात धरला असेल, तरी स्क्रीनवर शीर काळीच राहते. उपाशीपोटी बोलावतात ते आतड्यातला गॅस आड येऊ नये म्हणून.

अडथळा छोटा असेल तर फुग्याने शीर रुंद करून स्टेंट बसवता येतो. नंतर पुन्हा जेल लावून प्रोब फासळ्यांमध्ये टेकवतात, "श्वास रोखा" म्हणतात, आणि सपाट पडलेली रेघ बऱ्याचदा पुन्हा उड्या मारू लागते.