मस्टँग, आप्पांची बोलेरो आणि मागचं चाक

मागच्या महिन्यात होटगी रोडला एका लग्नाला गेलो होतो. अक्षता पडल्या आणि पंगत बसायच्या आधीच निम्मं वऱ्हाड पार्किंगमध्ये, कारण नवरदेवाचा कोणीतरी पुण्याचा मित्र लाल मस्टँग, फोर्डची ती जोरदार स्पोर्ट्स कार, घेऊन आला होता. पोरं बॉनेटला टेकून सेल्फी काढत होती आणि तो मालक बिचारा "टेकू नका ना प्लीज" म्हणत इकडून तिकडं पळत होता. आमचे आप्पा, म्हणजे बायकोचे चुलते, मोहोळकडचे ऊसवाले, हात पाठीमागं बांधून गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि निकाल देऊन टाकला, "हे साध्या माणसाचं काम न्हाई. मागच्या चाकावर चालती ही, जरा पाय पडला की गर्रकन फिरती." एक पोरगं लगेच म्हणालं, "व्हय की, रील बघितलंय आम्ही, चौकात फिरली आन् डायरेक्ट डिव्हायडरवर."

मी म्हटलं, "आप्पा, तुमची बोलेरो कुठल्या चाकावर चालते ओ?"

आप्पा जरा थांबले. बोलेरो पण मागच्याच चाकावर चालते. स्कॉर्पिओ, जुनी सुमो, इनोव्हा क्रिस्टा, ॲम्बेसेडर, पद्मिनी, छोटा हत्ती, ॲपे रिक्षा, एसटी, सगळ्या मागच्या चाकावरच्या, आणि दुचाकी तर झाडून सगळ्या. म्हणजे सोलापुरात ज्याला कोणाला गाडी येते त्यानं आयुष्यात कधी ना कधी मागचं चाक ढकलणारी गाडी चालवलेलीच असते, आणि त्यात काही अवघड असतं हे त्याला कधी जाणवलेलं नसतं. मग मस्टँगनंच काय घोडं मारलंय?

घोडंच मारलंय खरं तर. बोलेरोत ७५-७६ हॉर्सपॉवर असते, मस्टँग भारतात २०१६ ला आली ती ५ लिटरचं व्ही-८ इंजिन घेऊन, जवळपास ४०० हॉर्सपॉवर आणि ५१५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा पीळ. आता एक ढोबळ हिशोब करू, मी तिथं नॅपकिनवर केला होता. पहिल्या गिअरमध्ये टॉर्क चाकापर्यंत जाताना १२ पट वाढतो असं धरलं तर चाकावर ६००० न्यूटन-मीटरच्या वर येतो, चाकाची त्रिज्या एक फुटापेक्षा जरा जास्त, म्हणजे रस्त्याला मागं रेटायला साधारण १८०० किलोचा जोर झाला. आणि मागच्या दोन टायरांवर वजन किती? १८०० किलोची गाडी, जोरात निघताना मागं झुकते ते धरून मागच्या चाकांवर हजारभर किलो. चांगला टायर कोरड्या डांबरावर जेवढं वजन जवळपास तेवढीच पकड देतो, म्हणजे हजार किलोची. इंजिनाकडं १८०० आणि टायरला झेपतात १०००. पाऊस पडला की तेच ५०० वर येतं. बोलेरोच्या इंजिनाकडं असला उतमात करायला एवढं शिल्लकच नसतं, ॲम्बेसेडरकडं तर त्याहून नसायचं, म्हणून मागचं चाक असूनही कोणाला काही कळलं नाही.

वजन मागं झुकतं हे मात्र आप्पांना सांगावं लागलं नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या लावून चढावर क्लच पटकन सोडला की ट्रॅक्टरचं तोंड वर होतं आणि स्टिअरिंग हातात नुसतं शोभेला राहतं हे त्यांनी जन्मभर बघितलंय. ट्रॅक्टरमध्ये ट्रॉलीची ओढ पण असते म्हणून ते एवढं दिसतं, गाडीत कमी असतं, पण तत्व तेच. आणि म्हणूनच तर जोरदार गाड्या मागच्या चाकावर ठेवतात. निघताना वजन जिकडं जातं तिकडंच जोर लावायचा, आणि पुढची चाकं फक्त वळायला मोकळी ठेवायची. ४०० हॉर्सपॉवर पुढच्या चाकांना दिली असती तर वजन मागं गेल्यामुळं ती बिचारी जागच्या जागी फिरत बसली असती आणि स्टिअरिंग हातात झटके मारलं असतं ते वेगळंच. म्हणजे मागचं चाक हा त्रास नाही, मुळात तो त्रासावरचा इलाज होता.

खरी गोम वळणावर आहे. एक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढा, बाकी सगळा हवेत. त्या तळहाताला तीन कामं, पुढं ढकलायचं, ब्रेक लावायचा आणि आडवं धरून ठेवायचं. आणि पकड एकच. आमच्या लहानपणी एका सोलापुरी चादरीत आम्ही दोघं भाऊ झोपायचो, थोरल्यानं ओढली की मी उघडा, मी ओढली की तो. टायरची पकड म्हणजे तसली एक चादर, पाय ॲक्सिलरेटरवर दाबला की ती पुढं ढकलण्याच्या कामाकडं ओढली जाते आणि आडवी पकड उघडी पडते. फक्त गंमत अशी की इथं साधी वजाबाकी चालत नाही, शाळेतलं पायथागोरस चालतं. १०० पैकी ८० पकड तुम्ही ढकलायला वापरली तर वळायला २० नाही, ६० उरते. ६० वापरली तर ८० उरते. म्हणजे सुरुवातीला टायर लईच उदार असतो, तुम्ही दाबत जाता आणि काहीच होत नाही, पण ९५ पर्यंत गेलात की उरतात ३१, आणि १०० ला शून्य. शेवटच्या पाच टक्क्यात सगळा खेळ खलास. "अचानक फिरली ओ" असं लोक जे सांगतात ते खोटं नसतं, हिशोबच तसा आहे. बोलेरोवाला त्या ९५ पर्यंत सहसा पोचतच नाही, मस्टँगवाला अंगठा जरा जास्त दाबला तरी पोचतो.

पुढच्या चाकावरची गाडी पण घसरते की, पण तिची तोंडाकडून पकड सुटते, वळायच्या ऐवजी ती सरळ बाहेर जायला लागते. माणूस घाबरून पाय काढतो आणि पाय काढल्यावर वजन पुढं येतं, पुढच्या चाकांना पकड परत मिळते, गाडी वळते. म्हणजे घाबरणं हाच उपाय ठरतो! याला अंडरस्टीअर म्हणतात, आणि रोजच्या वापरातल्या गाड्या मुद्दाम अशाच बनवतात.

मागून सुटली की उलटं. ओव्हरस्टीअर. माणूस घाबरून पाय झटक्यात काढतो किंवा ब्रेक मारतो, वजन पुढं पळतं, आधीच सुटत आलेली मागची चाकं अजून हलकी होतात आणि शेपूट बाहेर जातं. जेवढी गाडी आडवी होते तेवढी ती अजून आडवी व्हायला बघते. आमच्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा माणूस बघा, काठी चांगली झुकल्यावर सावरू असं तो कधीच करत नाही, तिनं जरा कुठं मन वळवलं की त्याची पावलं हललेली असतात. आडव्या होणाऱ्या गाडीचं पण तेच आहे, मागचं डावीकडं चाललं तर स्टिअरिंग पण डावीकडं, लगेच, थोडंसं, आणि पाय हळूहळू सैल करायचा, झटक्यात नाही. आणि गाडी सरळ व्हायला लागली की स्टिअरिंग पण परत आणायचं, ते राहून गेलं की गाडी दुसऱ्या बाजूला दुप्पट जोरात फेकली जाते. रीलमधल्या बऱ्याच गाड्या पहिल्या घसरणीत नाही, या दुसऱ्या झटक्यात डिव्हायडरवर जातात, परत बघा सावकाश करून.

या पाय काढण्यानं बदनाम झालेली सगळ्यात प्रसिद्ध गाडी म्हणजे पोर्शे ९११. १९६३ ला लोकांसमोर आली, इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागं टांगलेलं, दोरीला बांधलेल्या दगडासारखं. ती एवढी फिरायची की १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागं सरकवली. मग १९७५ ला टर्बो आली, ३ लिटर, २६० हॉर्सपॉवर. जुना टर्बो कसा, दाबल्यावर आधी काहीच नाही, माणूस अजून दाबतो, आणि नेमकं वळणाच्या मध्यात सगळा जोर एकदम येतो, माणूस दचकून पाय काढतो आणि मागचं इंजिन त्याला ओव्हरटेक करायला निघतं. तिचं टोपणनावच पडलं 'विडोमेकर', बायकोला विधवा करणारी. १९९२ ची डॉज व्हायपर तर अजून अघोरी, ८ लिटरचं व्ही-१० इंजिन, ४०० हॉर्सपॉवर आणि ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस सुद्धा नाही, बाहेरून दाराला हँडल पण नव्हतं.

पण त्याच काळात, १९८९ ला, माझदानं एमएक्स-५ काढली, मागच्याच चाकावरची, वजन टनाच्या आत, ताकद ११५-१२० हॉर्सपॉवर, आणि नवशिके तिच्यावरच गाडी चालवायची कला शिकले. मागचं चाक स्वभावानंच वाईट असतं तर असं झालंच नसतं.

आजची मस्टँग त्या जुन्या पोर्शेसारखी नाही हे पण सांगायला पाहिजे, कारण मध्ये १९९५ मध्ये मर्सिडीज आणि बॉशनं ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारं यंत्र, आणलं. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरंच किती फिरतेय या दोन गोष्टी ते सतत ताडून बघतं, जुळल्या नाहीत की इंजिन ढिलं सोडतं आणि एकाच चाकाला ब्रेक लावतं. मागून सुटली तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरतं. हे माणसाला कधीच जमणार नाही, आपल्याकडं ब्रेकचं पायडल एकच आहे. त्यामुळं ईएसपीचं बटण चालू असेल तर आप्पासुद्धा मस्टँग घेऊन तुळजापूरला जाऊन येतील, घाट धरून. रीलवाले आधी तेच बटण बंद करतात.

पण ईएसपी नवीन पकड तयार करत नाही, आहे ती वाटून देतं. समजा ५० मीटर त्रिज्येचं वळण आहे, कोरड्या रस्त्यावर चांगला टायर तिथं ताशी ७५ च्या आसपास धरून ठेवतो, पकड निम्मी झाली की ५३. आणि आपल्याकडं पकड निम्मी व्हायला वेळ लागत नाही, ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर आलेली असते, त्यावर जूनची पहिली सर पडली की तो रस्ता साबण होतो. तिथं बोलेरो काय आणि मस्टँग काय.

आणि टायर. २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या अपघातात गेला ती पोर्शे कॅरेरा जीटी होती, ६०० च्या वर हॉर्सपॉवर, मागची चाकं, ईएसपी नाही. तपासात मुख्य कारण वेग निघालं, पण सोबत हे पण निघालं की टायर ९ वर्षांचे होते. अशा गाड्या कमी चालतात, त्यामुळं नक्षी दिसायला नवी कोरी असते आणि रबर मात्र वाळून कडक झालेलं असतं. आपल्याकडच्या उन्हात ते अजून लवकर होतं, उन्हाळ्यात सोलापुरात गाडी महिनाभर बाहेर ठेवून बघा.

हे ऐकल्यावर आप्पा थेट मस्टँगच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. "वय कुठं लिवलंय याचं?" टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३११६. म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा. मालक म्हणाला, "पण काका, गाडी फक्त चौदा हजार चाललीये." आप्पांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढं काही बोललाच नाही.

मग काय, सगळं पार्किंग उकिडवं बसलं. जो तो आपापल्या टायरवर मोबाईलची बॅटरी मारून आकडे वाचतोय, एकजण दुसऱ्याला ओरडतोय, "काय सांगलालास बे, स्टेपनी चौदाची?" माझ्या गाडीचे पुढचे दोन ठीक होते. मागच्या डाव्याचा आकडा आप्पांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि माझ्याकडं वळून बघितलं, तेवढ्यात पंगतीचं बोलावणं आलं म्हणून सुटलो.