फोल्डरची यादी एक्सेलमध्ये: प्रश्नचिन्हं आली कुठून?

वस्तू एकीकडे आणि तिची यादी दुसरीकडे, ही शिस्त बडोद्याला जुनीच आहे. १९१० मध्ये संस्थानाने ग्रंथालयं उभी करायला थेट अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावला होता. आज रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या मराठी घरांतले मोडी कागद, जमाखर्चाच्या वह्या, लग्नपत्रिका स्कॅन झाल्या, की हजारभर फाइली एका फोल्डरात साठतात आणि लगेच मागणी येते: नाव, तारीख, आकार, सगळं एक्सेलमध्ये द्या.

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘ही यादी सेव्ह करा’ असं बटण कधीच नव्हतं. म्हणून सगळी भिस्त विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीतल्या, फोल्डरातल्या फाइलींची यादी दाखवणाऱ्या डीआयआर कमांडवर. पडद्यावरची यादी ‘>’ चिन्हाने फाइलमध्ये वळवायची सोय १९८३ च्या डॉस २ मध्ये आली. एका फोल्डरात दुसरा फोल्डर करता येणंही त्याच आवृत्तीतलं. नुसती नावं देणारा स्लॅश-बी आणि आतल्या फोल्डरांत शिरणारा स्लॅश-एस हे या कमांडचे पर्याय १९९१ च्या डॉस ५ मध्ये आले. त्या काळी नाव आठ अक्षरांचं आणि एक्स्टेन्शन तीन, त्यामुळे रकाने एकाखाली एक नेमके पडत आणि रुंदी धरून तोडले की झालं. ज्यांनी तेव्हा हे काम केलं, त्यांचा हात अजून आधी त्याच कमांडकडे जातो.

१९९५ मध्ये लांब नावांची मुभा मिळाली. २००० मध्ये विंडोजमध्ये देवनागरी आली, पुढच्या वर्षी एक्सपीबरोबर गुजराती. खरा गुंता इथला. रशियन, ग्रीक, थाई यांना विंडोजमध्ये आपापली कोडपेज, म्हणजे त्या त्या लिपीच्या अक्षरांना क्रमांक देणारे छोटे तक्ते, होती. भारतीय लिप्यांना तशी द्यायची नाहीत, त्या फक्त युनिकोडमधून, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना वेगवेगळा क्रमांक देणाऱ्या एकाच मोठ्या तक्त्यातूनच चालतील, असं ठरलं. या निर्णयाला पुष्कळ नावं ठेवली गेली, कारण जुन्या पद्धतीने लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटू लागलं. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठीचं १९९१ चं इस्की मानक होतं, तेच घ्यायला हवं होतं, असाही एक पक्ष आहे. पण इस्कीत मराठी ‘क’ आणि गुजराती ‘क’ यांचा क्रमांक एकच. लिपी कोणती ते वेगळं सांगावं लागतं. बडोद्यातल्या फोल्डरात आजोबांचं पत्र मराठी नावाने आणि घराचा दस्तऐवज गुजराती नावाने शेजारी शेजारी असतो. तिथे युनिकोडच हवं होतं. निर्णय बरोबर होता. तो कमांडच्या काळ्या खिडकीपर्यंत पोचवला नाही, ही चूक.

डिस्कवर नाव शाबूत असतं. यादी फाइलमध्ये वळवताना मात्र ती जुन्या कोडपेजच्या चाळणीतून जाते आणि ‘पणजोबांची सनद’ची नुसती प्रश्नचिन्हं होतात. यावर ‘फाइलींना इंग्रजी नावं द्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला मुळीच पटत नाही. ‘गायकवाड’ हे एकच आडनाव घ्या: रोमनमध्ये कुणी ‘जी’नंतर ‘ए-ई’ लावतं, कुणी ‘ए-आय’. नंतर एक स्पेलिंग शोधलं की अर्धेच कागद सापडतात. मराठी कागदाचं नाव मराठीतच असायला हवं.

उपाय होते, पण माहीत असणाऱ्यालाच. ती काळी खिडकी, म्हणजे सीएमडी, स्लॅश-यू ने सुरू केली की यादी युनिकोडमध्ये निघते. कोडपेज ६५००१ वर, म्हणजे युनिकोडच्याच एका प्रकारावर, नेलं तरी जमतं. पण ही दुसऱ्या प्रकारची यादी सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साधी फाइल) म्हणून डबल क्लिकने उघडली, की एक्सेल तिला जुन्याच कोडपेजने वाचतं आणि मराठीच्या जागी मात्रा-टिंबं चढवलेली रोमन अक्षरं येतात. त्यासाठी डेटा टॅबमधून ती आत घ्यावी लागते. २००६ मध्ये पॉवरशेल ही विंडोजची नवी कमांड-खिडकी आली, त्यात सीएसव्ही काढायची स्वतंत्र कमांड होती. तिनेही एन्कोडिंग (अक्षरांचा कोणता तक्ता वापरायचा ते) सांगितलं नाही तर एएस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचा जुना तक्ता, धरलं आणि पुन्हा प्रश्नचिन्हं! विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ आवृत्तीतही तेच आहे.

एक्सेलची ६५,५३६ ओळींची मर्यादा २००७ मध्ये १०,४८,५७६ वर गेली. पुढे २०१३ मध्ये जोडणी म्हणून आलेली पॉवर क्वेरी (बाहेरची माहिती एक्सेलमध्ये ओढून घेणारी सोय) २०१६ मध्ये एक्सेलचाच भाग झाली. तिच्यात फोल्डर दाखवला की मराठी-गुजराती नावं जशीच्या तशी येतात. आकार मात्र अ‍ॅट्रिब्यूट्सच्या (फाइलच्या गुणधर्मांच्या) रकान्यात दडलेला असतो, तो उलगडून घ्यावा लागतो. तारखांचे रकाने तीन. फाइल पेनड्राइव्हवरून कॉपी केली की तयार झाल्याची तारीख नवी पडते आणि बदलाची जुनीच राहते, म्हणून स्कॅनिंग कधीचं हे पाहायला बदलाची तारीख घ्यावी.

आधीच्या वर्षांत निघालेल्या याद्यांमध्ये मात्र प्रश्नचिन्हं कायमची बसली आहेत. मूळ अक्षर त्यांच्यामागे कुठेही राहिलेलं नसतं. ज्या सीडीवरून किंवा हार्ड डिस्कवरून यादी काढली ती अजून वाचता येत असेल, तर ती लावून यादी नव्याने काढायची.